ब्लू-रेचा लेसर जास्त पावरफुल, मग तो जुन्या सीड्या नीट वाचेल का?

झिरोमाईल
मंडळी, एक सल्ला हवाय. नागपूरच्या धरमपेठेतला काकांचा फोटो स्टुडिओ बंद झाला, आता जागा रिकामी करायची आहे. माळ्यावर सीड्यांची खोकी निघाली. साधारण २००२ ते २०१० मधली लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंग. हार्ड डिस्क उडाली, आल्बम हरवला म्हणून लोक अजूनही काकांना फोन करतात, त्यामुळे फेकवत नाही.

माझ्याकडे डेस्कटॉपमधला जुना डीव्हीडी रायटर आहे. काही सीड्या लगेच उघडतात, काही नुसत्या घरघरत राहतात आणि शेवटी 'डिस्क टाका' असा निरोप येतो. गंमत म्हणजे अडलेल्यांपैकी काही ताईच्या लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हवर सहज उघडल्या. बर्डीतल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाला, "लेसर वीक झाला, पावर वाढवून देतो." भाचा म्हणतो ब्लू-रे रायटरच घे, त्याचा लेसर सगळ्यात पावरफुल, काहीही वाचेल. कोणाचं खरं मानू?

तर्रीपोहा
घ्या ब्लू-रे. सीडी नाही वाचली तर निदान पिक्चर तरी पाहाल.
(वाचतोय. माझ्याकडेही दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून घेतलेल्या भीमगीतांच्या सीड्यांचा ढीग आहे.)

फुटाळाकाठ
भाच्याला सांगा, ब्लू-रे ड्राइव्ह सीडी वाचताना निळा लेसर वापरतच नाही. त्या ड्राइव्हमध्ये तीन वेगळ्या तरंगलांबीचे लेसर असतात: सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीसाठी ६५० चा लाल आणि ब्लू-रेसाठी ४०५ चा निळा-जांभळा. सीडी आत गेली की ड्राइव्ह ती ओळखतो आणि ७८० वाला पेटवतो. म्हणजे महागडा ड्राइव्ह आणूनही तुमच्या सीडीच्या वाट्याला तोच लेसर येणार जो पन्नास रुपयांच्या भंगारातल्या सीडी-रॉममध्ये असतो.

हे तीन ठेवणं हौसेचं नाही. कंपनीत छापलेल्या सीडीत खळगे असतात आणि मागे ॲल्युमिनियमचा थर, त्यावरून लाल उजेडही बऱ्यापैकी परत येतो. पण आपण घरी लिहितो त्या सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ७८० नॅनोमीटर डोळ्यासमोर ठेवून बनवलेला. ६५० चा लाल लेसर त्यावर टाकला तर बहुतेक उजेड थरातच जिरतो, परत काही येत नाही. सुरुवातीचे काही डीव्हीडी प्लेयर बाजारातली गाण्याची सीडी वाजवायचे आणि घरी बनवलेली नाकारायचे, ते यामुळेच. नंतर कंपन्यांनी ७८० चा दुसरा डायोड (लेसर पाडणारा भाग) घातला आणि तक्रार मिटली.

आणि पावरचं म्हणाल तर वाचताना ब्लू-रेची पावर कमीच आहे. सीडी वाचताना डिस्कवर पडणारा उजेड एक मिलीवॅटच्या आतबाहेर असतो. एका थराची ब्लू-रे वाचताना तो साधारण ०.३५ मिलीवॅट. वाचणं हे ताकदीचं काम नाही.

झिरोमाईल
बाप रे, ०.३५? मग लोक ब्लू-रेचा लेसर पावरफुल म्हणतात ते कशाच्या जोरावर? आणि रायटर म्हटला की जास्त पावर असते हे तरी खरं ना?

वैनगंगा
दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात, त्यामुळे गोंधळ होतो. किती बारीक दिसतं हे तरंगलांबी आणि भिंगावर ठरतं. किती तापवता येतं हे मिलीवॅटवर.

बारकाईबद्दल मी सांगते, वर्गात दरवर्षी हे शिकवावं लागतं. भिंगाने उजेड एका बिंदूवर आणला तरी तो बिंदू एका मर्यादेखाली लहान होत नाही. त्याचा आकार तरंगलांबी भागिले भिंगाचा न्यूमेरिकल ॲपर्चर (भिंग किती रुंद कोनातून उजेड एकवटतं तो आकडा) या प्रमाणात असतो. सीडीला ७८० आणि ०.४५, डीव्हीडीला ६५० आणि ०.६०, ब्लू-रेला ४०५ आणि ०.८५. भागाकार करून बघा: १७३३, १०८३, ४७६. बोरूने आणि बारीक टोकाच्या पेनाने एकाच पानावर किती मजकूर मावेल, तेवढाच हा फरक. सीडीवर दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२.

आता गंमत. बिंदूचं क्षेत्रफळ सीडीपेक्षा ब्लू-रेत साधारण तेरा पटींनी लहान आहे, पण ७०० एमबीचे २५ जीबी झाले, म्हणजे पस्तीस पट! उरलेली वाढ लेसरने दिलेली नाही. ती चुका दुरुस्त करणारी गणितं सुधारल्यामुळे, माहिती जास्त घट्ट बसवल्यामुळे आणि यंत्र जास्त अचूक झाल्यामुळे मिळाली. जाहिरातीत मात्र सगळं श्रेय निळ्या उजेडाला.

मोठ्या ॲपर्चरची किंमतही मोजावी लागते. ॲपर्चर वाढला की डिस्क जराशी वाकडी झाली तरी बिंदू फाटतो. म्हणून सीडीत लेसरला १.२ मिलीमीटर प्लास्टिकमधून जावं लागतं, डीव्हीडीत ०.६, आणि ब्लू-रेत फक्त ०.१. ब्लू-रेचा थर वरच्या कातडीखालीच असतो, त्यामुळे तिला कडक लेप द्यावा लागला.

अवांतर: ४०५ चा डायोड गॅलियम नायट्राइडचा. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो करून दाखवला. २०१४ चं नोबेल मात्र त्यांना आकासाकी आणि अमानो यांच्यासोबत निळ्या एलईडीसाठी मिळालं.

महालकर
+१. झिरोमाईल, सीडीत माहितीचा थर लेबलच्या बाजूला असतो, वर फक्त पातळ लाखेचा लेप. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिश करून निघतो. लेबलवर कोणी टोकदार बॉलपेनने 'चि. सौ. कां.' असं कोरलं असेल तर ती सीडी गेली समजा. स्टुडिओवाल्यांना ही सवय फार. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, तिथे हा धोका कमी.

फुटाळाकाठ
मी लिहिण्याच्या पावरवर येतो, कारण तुमच्या खोक्यांचा खरा प्रश्न तिथेच आहे असं मला वाटतं.

सीडी-आर लिहिताना लेसरला रंगद्रव्य भाजावं लागतं, दोन-अडीचशे अंशांपर्यंत. एक एक्स वेगाला (गाण्याची सीडी वाजते तो वेग) डिस्कवर पाच-सात मिलीवॅट पुरतात, म्हणजे वाचण्याच्या सुमारे पाच-सात पट. पण वेग वाढला की प्रत्येक ठिपक्याला मिळणारा वेळ कमी होतो, मग पावर वाढवावी लागते. ती वेगाच्या पटीत वाढत नाही, बरीच कमी वाढते, तरीही ५२ एक्सच्या सीडी रायटरचा किंवा १६ एक्सच्या डीव्हीडी रायटरचा डायोड स्पंदनात दोनशे मिलीवॅटच्या आसपास किंवा पुढे जातो. भिंगापर्यंत पोचेतो त्यातला बराच उजेड वाटेत खर्च होतो, तो भाग वेगळा.

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कचं काम अजून नाजूक. तिथे रंगद्रव्य नाही, चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. जोरात तापवून वितळवला आणि झटकन गार होऊ दिला तर विस्कळीत अवस्थेत गोठतो, ते 'लिहिणं'. मध्यम तापवला तर पुन्हा स्फटिक होतो, ते 'पुसणं'. एकाच लेसरने तीन पायऱ्यांत पावर बदलायची, तीही सेकंदाला लाखो वेळा. परत येणारा उजेडही छापील सीडीच्या तुलनेत खूप कमी, सत्तर टक्क्यांच्या जागी पंधरा ते पंचवीस. जुन्या टेपमधल्या सीडी प्लेयरना आरडब्ल्यू दिसायचीच नाही.

'कॉम्बो ड्राइव्ह' आठवतात? डीव्हीडी वाचायचे, सीडी लिहायचे. एकाच डब्यात लिहिण्याइतका जोरदार ७८० चा डायोड आणि फक्त वाचण्यापुरता ६५० चा. पुढे असंच ब्लू-रेबाबत झालं: ब्लू-रे वाचणारा, डीव्हीडी लिहिणारा. त्यातला निळा डायोड बिचारा सगळ्यात कमजोर, पण डब्यावर नाव त्याचंच मोठं.

आता तुमच्या सीड्या. कोरी डिस्क घातली की रायटर तिच्या खोबणीतल्या लाटेतून बनवणाऱ्याचा कोड वाचतो, मग आतल्या कडेजवळ राखून ठेवलेल्या जागेत वेगवेगळ्या पावरचे चटके देऊन बघतो आणि सर्वांत साफ आलेली पावर निवडतो. नीरो या सीडी लिहायच्या प्रोग्राममध्ये 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' यायची ती या चाचणीत गाडी अडल्यावर. डिस्क नामवंत असली तर ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्राममध्ये) तिच्यासाठी खास कृती भरलेली असते. पन्नासच्या दांडीवर सुट्या मिळणाऱ्या बिननावाच्या डिस्कना सरसकट एकच. लग्नसराईत स्टुडिओत काय होणार? स्वस्त दांडी, वेग ५२ एक्स, गिऱ्हाईक दारात. खुणा जेमतेम उमटतात. तेव्हा वाचल्या जातात, वीस वर्षांनी रंगद्रव्य थोडं उतरलं की काठावरच्या त्या खुणा एका ड्राइव्हला दिसतात, दुसऱ्याला नाही. पावर कमी पडली असेल तर ती २००५ साली, लिहिताना. आज वाचणाऱ्या लेसरची वाढवून ती भरून निघत नाही.

तर्रीपोहा
म्हणजे नवरा-नवरी व्यवस्थित, सीडी मात्र घाईत भाजली.

बर्डीवाला भाऊ
आता थोडं बर्डीच्या बाजूनंही ऐकून घ्या. तो दुकानदार खोटं नाही बोलून राहिला, अर्धं बोलून राहिला.

व्हीसीडीच्या, म्हंजे सीडीवरच्या पिक्चरच्या जमान्यात हे काम रोजचं होतं. पिकअप म्हंजे लेसर अन् भिंग बसवलेला भाग, त्याच्या पट्टीवर एक बारका ट्रिमर राहते. पेचकसानं जरासा फिरवला की डायोडचा करंट वाढते, अडलेली सीडी चालते, गिऱ्हाईक खुश. पन डायोड थकला म्हनून त्याले करंट जास्त लागते, अन् जास्त करंट दिला की तो आनखी लवकर थकते. पार्टी काही दिवसांनी परत येतेच. मंग नवा लेन्स, म्हंजे अख्खा पिकअपच, टाका. सोनीचा केएसएस-२१३ असो का सान्योचा, चिल्लर कामासाठी तेव्हा सहज भेटे. नव्या पिकअपवर टाक्याचा एक ठिपका राहते, स्टॅटिकपासून वाचवाले. बसवल्यावर तो काढाच लागते, नाही तं लेसर पेटत नाही. नवशिक्यानं लेन्स खराब म्हनून दुकानात परत नेलेले पाह्यले आहेत.

कॉम्प्युटरच्या रायटरमंधी मात्र हा धंदा करू देऊ नका. तिथं पावर फर्मवेअर ठरवते, फॅक्टरीत मोजून भरलेले आकडे राहतात. ट्रिमर छेडला तर वाचनं सुधरत नाही, लिहिनं मात्र पुरतं बिघडते.

अन् एक, हे काम मे महिन्यात भर दुपारी करू नका. लेसर डायोड तापला की तेवढाच उजेड द्याले जास्त करंट ओढते. आपल्याकडं ४५ डिग्री, कॅबिनेटच्या आत त्याच्यावर. सकाळी करा नाही तं कूलरसमोर. ओल्या हवेची झुळूक सरळ ड्राइव्हवर नको, एवढं पाहा.

महालकर
भाऊंशी एका बाबतीत मतभेद. लेन्स बदलायच्या आधी लेन्स पुसा. निम्म्या 'वीक लेसर'चं कारण धूळ असते. वर्धमाननगरच्या बाजूला ट्रकच्या रस्त्यावर ज्यांची दुकानं आहेत त्यांना विचारा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, अगदी हलका हात. भिंग बारीक तारांवर लटकलेलं असतं, दाबलं की संपलं. ब्रश लावलेली 'क्लीनर सीडी' मला स्वतःला आवडत नाही.

बर्डीवाला भाऊ
मतभेद कायचा, पुसनं तं पह्यलं कामच. ते सांगाचं असते का?

नववीचा_पालक
धाग्याला थोडं वळण देतो, माफ करा. आमच्या चिरंजीवांनी यूट्यूबवर पाहिलंय की डीव्हीडी रायटर फोडून लाल डायोड काढायचा आणि काडी पेटवायची. घरात जुना रायटर पडलेलाच आहे. वाचायचाच लेसर तर एक मिलीवॅटचा म्हणताय, मग करू द्यायला हरकत नाही ना?

वैनगंगा
हरकत आहे, मोठी. एक मिलीवॅट हा वाचताना डिस्कवर पडणारा उजेड. रायटरचा डायोड बाहेर काढून थेट बॅटरीवर लावला तर तो लिहिण्याच्या ताकदीने पेटतो. वर्गातला साधा पॉइंटर एक मिलीवॅटच्या आतला असायला हवा, हा त्याच्या शंभर-दोनशे पट. बंद डब्यात ड्राइव्ह 'क्लास १', म्हणजे निर्धोक. पण तो दर्जा डब्याला आहे, आतल्या डायोडला नाही.

त्याच रायटरमध्ये सीडीचा डायोडही असतो, तो याहून कपटी. ७८० चा उजेड डोळ्याला मिणमिणता लाल दिसतो किंवा दिसतच नाही. तीव्र उजेडाने पापणी आपोआप मिटते, इथे ते होत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो उजेड थेट पडद्यावर एकवटतं. ४०५ चंही तसंच, दिसतो त्याहून प्रत्यक्षात कितीतरी जोरदार. दुखत नाही, कळत नाही, डाग कायमचा राहतो. उन्हाचे गॉगल यावर उपयोगाचे नाहीत.

मुलाला प्रयोगच करायचा असेल तर डायोडला हात न लावता ड्राइव्ह उघडू द्या, वीज न जोडता. पिकअप सरकवणाऱ्या स्लेडची मोटर, भिंगाच्या कॉइल, चार तुकड्यांचा फोटोडायोड, बघण्यासारखं भरपूर आहे. आणि एक सीडी, एक डीव्हीडी घेऊन पॉइंटरने भिंतीवर पडणाऱ्या ठिपक्यांमधलं अंतर मोजायला लावा. त्यातून ओळींमधलं अंतर काढता येतं, नववीच्या गणिताला थोडी मदत लागेल इतकंच. पॉइंटर खरोखर एक मिलीवॅटच्या आतला आहे ना ते आधी लेबलवर बघून घ्या.

नववीचा_पालक
ड्राइव्ह कपाटात कुलूपबंद केला. ठिपक्यांचा प्रयोग रविवारी. धन्यवाद मॅडम.

झिरोमाईल
दोन दिवस धागा वाचून काम केलं, ते कळवतो. महालकरांच्या सांगण्याप्रमाणे भिंग पुसलं. अडलेल्यांपैकी बऱ्याच उघडल्या! दुकानाची पावर वाढवायची ऑफर नाकारली. उरलेल्यांपैकी काहींच्या लेबलचा पापुद्राच सुटलाय, उजेडात धरलं की आरपार दिसतं. त्या गेल्याच ना? आणि ज्या अर्ध्यात अडकतात त्यांचं काय करू? लॅपटॉपवर काही उघडतात हे कोडं मात्र सुटलं नाही.

फुटाळाकाठ
पापुद्रा सुटलेल्या जागची माहिती गेली. उरलेला भाग मिळू शकतो, त्यांनाही टाकू नका.

लॅपटॉपचं कोडं: पातळ ड्राइव्ह सीडी जास्तीत जास्त २४ एक्सने फिरवतो, तुमचा डेस्कटॉपवाला ४८ किंवा ५२ ने. ५२ म्हणजे मिनिटाला दहा हजारच्या घरात फेरे. जराशी असमतोल डिस्क थरथरते, भिंगाला फोकस आणि ओळ सांभाळताना दमछाक होते. शिवाय प्रत्येक मॉडेलचा पिकअप आणि चिप वेगळी, काठावरच्या खुणांचा अर्थ कोण किती सोशिकपणे लावतो यात खूप फरक. मिलीवॅटचा संबंध नाही.

म्हणून: वेग कमी करणारं सॉफ्टवेअर वापरा, ४ किंवा ८ एक्सवर आणा. फाइली ओढून कॉपी करू नका, विंडोज एका खराब तुकड्यावर सगळंच सोडून देतं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून माहिती काढणारा प्रोग्राम) चालवा. पहिल्या ड्राइव्हवर जेवढं मिळेल तेवढं घ्या, नकाशाची फाइल (कुठले तुकडे मिळाले, कुठले राहिले याची नोंद) जपून ठेवा आणि तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून त्याच फाइलवर पुढे चालवा. एकाने गाळलेले तुकडे दुसरा भरतो. ताईचा लॅपटॉप इथेच कामाला येईल. लिनक्स नको असेल तर आयसोबस्टर.

व्हीसीडी असतील तर त्यांना वेगळी वागणूक. व्हीसीडीत चित्रपटाच्या तुकड्यांवर दुरुस्तीचा वरचा थर ठेवलेला नसतो, जागा वाचवायला तो काढून टाकलेला. त्यातली व्हिडिओची डॅट फाइल लिनक्सवर साधी कॉपी होत नाही, पण एखाद्या तुकड्याला चौकोन चौकोन दिसले तरी बाकी सिनेमा शाबूत निघतो. नवरीच्या मेंदीवर दोन सेकंद ठोकळे दिसतील, चालवून घ्या.

तर्रीपोहा
आता मनापासून प्रश्न. भीमगीतांच्या सीड्या छापील आहेत की घरी भाजलेल्या, हे कसं ओळखायचं? काही गायक आता हयात नाहीत, ती रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठे सापडत नाहीत.

महालकर
खालची बाजू बघा. स्वच्छ चांदीसारखी म्हणजे छापील. हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक म्हणजे रंगद्रव्य, भाजलेली. भाजलेल्या आधी उतरवा, त्यांना ऊन आणि उकाडा सोसत नाही. छापील थांबू शकतात.

झिरोमाईल
शेवटचा प्रश्न. एवढं काढल्यावर ठेवू कशावर? कोणीतरी एम-डिस्क सुचवली.

फुटाळाकाठ
एम-डिस्कमध्ये रंगद्रव्याऐवजी खनिजासारखा अजैव थर असतो, म्हणून टिकते. डीव्हीडी जातीची एम-डिस्क लिहायला नेहमीपेक्षा जास्त पावर लागते, ड्राइव्हवर तसा शिक्का हवा. म्हणजे तुमच्या भाच्याचा 'पावरफुल' शब्द इथे बरोबर बसतो. साध्या बीडी-आरमध्येही (लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कमध्ये) बहुतेक एचटीएल जातीच्या डिस्क अजैव थराच्याच. एलटीएच लिहिलेल्या टाळा, त्यांत पुन्हा रंगद्रव्य आहे.

पण सगळे पैसे डिस्कवर लावू नका. डिस्क बनवणाऱ्या आपल्या मोझर बेअरचं २०१८ मध्ये दिवाळं निघालं, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. दोन हार्ड डिस्क घ्या, एक धरमपेठेत काकांकडे, एक तुमच्याकडे. ज्या कुटुंबांचे फोन येतात त्यांना त्यांची फाइल पाठवून द्या, म्हणजे तिसरी प्रत आपोआप झाली.

बर्डीवाला भाऊ
अन् जुना रायटर भंगारात देऊ नका. सीडी-आर नीट वाचनारा ७८० वाला चांगला पिकअप आता सहज भेटत नाही. काम झालं की मले सांगा, मी घेतो.